प्राणवायूचा हिशेब : सार्वजनिक रुग्णालयांतील काटकसर आणि कर्मचाऱ्यांचा सहभाग

रुग्णालयाच्या जमाखर्चाच्या पानांवर औषधे, वीज, प्राणवायू, कपडेधुलाई, कचऱ्याची विल्हेवाट अशी खर्चाची शीर्षके आपण दरवर्षी वाचता. त्यांपैकी किती रकमेचा रुग्णाला उपयोग झाला आणि किती रक्कम कोणाच्याही उपयोगी न पडता वाया गेली, हे मात्र त्या पानांवरून कळत नाही. लेखापालांनाही ते कळत नाही. ते कळते रात्रपाळीच्या सिस्टरांना, खाटा हलविणाऱ्या मामांना आणि पहाटे कचऱ्याच्या पिशव्या उचलणाऱ्या मावशींना. पर्यावरणस्नेही रुग्णालय म्हटले की छतावरील सौरपट्ट्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. त्यांचे महत्त्व आहेच. पण या लेखाचा विषय त्याहून साधा आहे. रुग्णालयातील नासाडी थांबवायची असेल तर ती ज्यांच्या डोळ्यांसमोर घडते त्यांना सहभागी कसे करून घ्यावे, हा तो विषय. याची उत्तम उदाहरणे सरकारी व सार्वजनिक रुग्णालयांत सापडतात, आणि त्यांपैकी एक आपल्याच राज्यातील आहे.

सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा. करोनाच्या साथीत तेथील जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः वैद्यकीय पदवीधर होते. दूरच्या शहरांतून येणाऱ्या टँकरवर विसंबून राहणे धोक्याचे आहे हे ओळखून सप्टेंबर २०२० मध्ये तेथे हवेतून प्राणवायू वेगळा करणारा पहिला प्रकल्प उभा राहिला. पहिली लाट ओसरल्यावरही ते काम न थांबविता पुढे आणखी प्रकल्प उभारण्यात आले. या गोष्टीची वृत्तपत्रांनी पुष्कळ प्रशंसा केली आणि ती योग्यच होती. परंतु त्याच जिल्ह्यात घडलेली दुसरी गोष्ट आमच्या मते अधिक अभ्यसनीय आहे. तेथे ‘ऑक्सिजन नर्स’ नेमण्यात आल्या. साधारणपणे ५० रुग्णांमागे एक परिचारिका, आणि तिच्याकडे मुख्य काम एकच : ठरावीक वेळाने प्रत्येक खाटेजवळ जाऊन रुग्णाच्या रक्तातील प्राणवायूची पातळी पाहावयाची आणि त्यानुसार प्रवाह कमी-अधिक करावयाचा.

यात नवे ते काय, असे कोणी विचारील. नळीतून येणारा प्राणवायू प्रवाहमापकाने मोजला जातो. मिनिटाला ५ लिटर प्रवाह असेल तर तासाला ३०० लिटर आणि दिवसाला ७,२०० लिटर प्राणवायू खर्च होतो. आपण ज्याला जम्बो सिलिंडर म्हणतो त्यात सुमारे ७,००० लिटर प्राणवायू मावतो. म्हणजे एका खाटेवरचा असा एकच प्रवाह दिवसभर विनाकारण चालू राहिला तर एक जम्बो सिलिंडर रिकामा होतो. मिनिटाला ६० लिटरपर्यंत प्रवाह देणारी उपकरणेही असतात. तेथे तोच सिलिंडर दोन तासही पुरत नाही. आता वॉर्डातील दृश्य आठवा. रुग्ण जेवायला बसतो, मुखवटा उशीवर काढून ठेवतो. स्वच्छतागृहात जातो. घरच्यांशी दूरध्वनीवर बोलतो. तेवढा वेळ प्राणवायू उशीवरून हवेत जात असतो. ज्याची पातळी काल ८८ होती आणि आज ९७ झाली, त्याचा प्रवाह कालच्याच आकड्यावर राहतो, कारण तो कमी करण्याचे काम नेमके कोणाचे, हे ठरलेले नसते. डॉक्टरांना वाटते सिस्टर पाहतील. सिस्टरांना वाटते लेखी सूचनेवाचून हात लावू नये. वैद्यकीय दृष्टीने पातळी ९२ ते ९६ च्या दरम्यान राहिली तर बहुतेक रुग्णांना ते पुरेसे असते. त्याहून अधिक प्राणवायू देण्याने काही साधत नाही.

त्याच फेरीत उलट प्रकारही उघडकीस येतो, हे विसरता कामा नये. झोपेत मुखवटा सरकलेला रुग्ण, पाणी संपलेली आर्द्रतेची बाटली, मुरगळलेली नळी या गोष्टीही खाटेजवळ गेल्यावरच दिसतात. नासाडी शोधण्यासाठी उठलेली परिचारिका एखाद्याला कमी पडणारा प्राणवायूही शोधते. काटकसर आणि शुश्रूषा या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ती वेळ कशी होती, याची आठवण वेगळी करून देण्याची आवश्यकता नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन पुरवठ्याचा दाब घटला आणि वीसहून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला. प्राणवायूच्या साठ्याचा हिशेब म्हणजे माणसांचा हिशेब, हे त्या दिवशी साऱ्या राज्याला कळले.

नंदुरबारच्या या व्यवस्थेत चार गोष्टी एकत्र आल्या होत्या असे आम्हांस वाटते. जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर होती. मोजण्याचे साधन तिच्या हातात होते. प्रवाह कमी-जास्त करण्याचा अधिकार तिला होता. आणि आपण हे कशासाठी करीत आहोत हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते, कारण पुढचा रुग्ण दारात उभा होता. या चारांपैकी पहिल्या तीन गोष्टी व्यवस्थापनाने द्यावयाच्या असतात. त्या न देता भिंतीवर ‘प्राणवायू जपून वापरा’ असा फलक लावला, तर तो फलक आठवड्याभरात भिंतीचाच एक भाग होऊन जातो.

हेच तत्त्व दूरदेशीही दिसून आले आहे. ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य सेवा ही १९४८ साली स्थापन झालेली, सरकारी पैशांवर चालणारी जगातील मोठ्या सार्वजनिक संस्थांपैकी एक. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या या सेवेने स्वतःच्या थेट कामकाजातून होणारे कार्बन उत्सर्जन २०४० पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. उद्दिष्ट जाहीर करणे तुलनेने सोपे असते. कुतूहल वाटते ते त्या सेवेतील छोट्या प्रयोगांचे.

लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या लहान मुलांच्या प्रसिद्ध रुग्णालयात २०१८ साली हातमोज्यांविषयी एक मोहीम झाली. रक्त, शरीरस्राव किंवा घातक औषधांशी संबंध येतो तेथे हातमोजे अनिवार्यच आहेत. पण बाळाला दूध पाजणे, खाट सरकविणे, नाडी पाहणे अशा कामांतही ते सवयीने चढविले जात होते. हातात मोजे आहेत म्हणून हात धुण्याचे राहून जाते आणि त्याच मोज्यांनी परिचारक एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातात, हा त्यातील खरा धोका. शिवाय दिवसभर मोजे घातल्याने कर्मचाऱ्यांच्या हातांची त्वचा खराब होते ते निराळेच. मोहिमेचे नेतृत्व परिचर्येच्या प्रशिक्षणाशी संबंधित मंडळींनीच केले. मोजे केव्हा आवश्यक आणि केव्हा नाहीत, हे त्यांनी सहकाऱ्यांना कारणांसह पटवून दिले. पहिल्या वर्षात सुमारे २१ टन प्लास्टिक कमी वापरले गेले आणि ९० हजार पौंडांहून अधिक रक्कम वाचली. ‘खर्च कमी करा’ असा आदेश काढला असता तर परिचारिकांनी तो आपल्या सुरक्षिततेवरील घाला समजला असता, आणि तसे समजणे चुकीचेही ठरले नसते. आरंभ रुग्णाच्या व कर्मचाऱ्याच्या हितापासून झाला म्हणून बचत मागोमाग आली.

तथापि सर्वच भार कर्मचाऱ्यांच्या खांद्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. स्कॉटलंडमधील लोथियन येथील उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू वातावरण तापविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी असतो. भूलतज्ज्ञांनी त्याचा वापर बराच कमी केला होता, तरी खरेदी मात्र चालूच होती. तेथील औषधनिर्माण विभागाच्या मंडळींनी किती वायू विकत घेतला आणि शस्त्रक्रियागृहांत प्रत्यक्ष किती वापरला, हे दोन आकडे शेजारी ठेवले. विकत घेतलेल्या वायूचा फार मोठा भाग रुग्णापर्यंत पोहोचतच नव्हता; सिलिंडरांचा साठा ते शस्त्रक्रियागृह या मार्गावरील जुन्या नळ्यांतून आणि जोडण्यांतून तो झिरपून जात होता. कोणाही भूलतज्ज्ञाने कितीही काटकसर केली असती तरी ही गळती थांबली नसती. ती थांबविण्याचा उपाय म्हणजे मध्यवर्ती नळयोजना बंद करून गरजेपुरते छोटे सिलिंडर वापरणे, आणि तो निर्णय व्यवस्थापनाचा असतो. ज्या संस्थेच्या भिंतींतील नळ्या गळतात तिने कर्मचाऱ्यांना दिवे बंद करण्याचा उपदेश केला, तर कर्मचारी मनातल्या मनात हसतात. विश्वस्तांनी हा प्रसंग विशेषत्वाने वाचावा अशी विनंती आहे.

कचऱ्याच्या बाबतीत ही दोन्ही अंगे एकत्र दिसतात. आपल्या देशात जैववैद्यकीय कचऱ्याविषयी प्रथम १९९८ मध्ये आणि नंतर सुधारित स्वरूपात २०१६ मध्ये नियम करण्यात आले. पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुया व धारदार वस्तूंसाठी न भोसकता येणारा पांढरा डबा आणि काचेसाठी निळा, ही व्यवस्था वॉर्डात येणाऱ्या प्रत्येकाने पाहिली असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयातील सुमारे ८५ टक्के कचरा घरच्या कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो. केळ्याची साल पिवळ्या पिशवीत गेली तर तीही भट्टीत जाते आणि तिच्या जाळण्याचा खर्च व धूर विनाकारण वाढतो. उलट एखादी सुई साध्या पिशवीत गेली तर तिची किंमत पैशांत मोजता येत नाही. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रुग्णाची सुई टोचली, तर ‘हिपॅटायटिस बी’ची लागण होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत असू शकते. ती सुई टोचते डॉक्टरांना नव्हे, तर पिशवीची गाठ मारणाऱ्या मावशींना. म्हणूनच २०१६ च्या नियमांत कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाचे लसीकरण आणि दरवर्षी प्रशिक्षण बंधनकारक केले आहे. कंत्राटी कामगारही त्यात येतात. ते आपल्या आस्थापनेचे नव्हेत ही सबब नियमांना मान्य नाही, माणुसकीला तर नाहीच.

विजेविषयी थोडक्यात सांगायचे तर, वातानुकूलन एक अंशाने कमी थंड ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते असा केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा अंदाज आहे. रात्री रिकाम्या असलेल्या शस्त्रक्रियागृहात हवेचा प्रवाह मंद ठेवण्यानेही मोठी बचत होते, मात्र हे काम अभियंता आणि शस्त्रक्रियागृहाच्या सिस्टर यांनी एकत्र बसून ठरविण्याचे आहे.

सहभागाचे श्रेय कसे द्यावे, याचा एक नमुना केंद्र शासनाच्या ‘कायाकल्प’ योजनेत आहे. १५ मे २०१५ रोजी सुरू झालेल्या या योजनेत सरकारी रुग्णालयांची स्वच्छता, कचरा व्यवस्थापन, संसर्ग नियंत्रण इत्यादी बाबींवर तपासणी होते : प्रथम स्वतःची स्वतः, नंतर दुसऱ्या रुग्णालयाच्या मंडळींकडून, शेवटी बाहेरच्या परीक्षकांकडून. पारितोषिकाच्या रकमेपैकी ७५ टक्के रुग्णालयाच्या सुधारणेसाठी आणि २५ टक्के कर्मचाऱ्यांसाठी असतात. हा चतुर्थांश वाटा महत्त्वाचा आहे. बचत सर्वांच्या कष्टाने व्हावी आणि प्रमाणपत्र मात्र अधीक्षकांच्या खोलीत टांगले जावे, असे होऊ नये यासाठी तो आहे.

धर्मादाय रुग्णालयांना बचतीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात, तसेच देयकांच्या एकूण रकमेच्या २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावे लागतात. ज्यांना या खाटांवर उपचार मिळतात त्यांची संख्या निधीपेक्षा नेहमीच अधिक असते, हे रुग्णालय चालविणारे सर्वजण जाणतात. १९७६ मध्ये अवघ्या ११ खाटांनी सुरू झालेल्या मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने या दृष्टीने घालून दिलेला धडा मोलाचा आहे. तेथील मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेमागे सुमारे ६ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. ब्रिटनमधील त्याच शस्त्रक्रियेच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे विसावा हिस्सा आहे. निर्जंतुक करून पुन्हा वापरली जाणारी उपकरणे आणि खेड्यांतून निवडून दोन वर्षे प्रशिक्षण दिलेल्या तरुणींची शिस्तबद्ध कामगिरी यांचा त्यात मोठा वाटा आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी शेवटी एक सूचना. खाटेच्या डोक्याकडील भिंतीवर प्राणवायूची पाण्याची बाटली असते. रुग्णाने मुखवटा काढलेला असताना किंवा खाट रिकामी असताना त्या बाटलीत बुडबुडे येताना दिसले, तर कृपया स्वतः झडप फिरवू नये. सिस्टरांना हाक मारावी. रात्रीचे दोन वाजले असले तरी मारावी.