‘इतकी वर्षं गप्प का होती?’ या प्रश्नाविषयी

पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी दोन उत्तरं तयार ठेवते. लग्नाच्या पंगतीत असेन तर ‘वर्तमानपत्रांवर आहे काहीतरी’. समोरच्याला खरंच ऐकायचंय असं वाटलं, तर खरं उत्तर: वीस-तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या लैंगिक अत्याचारांचे आरोप जेव्हा आज बाहेर येतात, तेव्हा माध्यमं ते कसे मांडतात आणि लोक त्यावर काय बोलतात, याचा अभ्यास. हे दुसरं उत्तर दिलं की हमखास एकच प्रश्न परत येतो. ‘पण मग इतकी वर्षं गप्प का होती ती?’ मामीने विचारलाय, रिक्षावाल्या काकांनी विचारलाय, एका सेमिनारमध्ये चांगल्या शिकल्यासवरल्या प्राध्यापकांनीही विचारलाय. आजची पोस्ट या एका प्रश्नावर. तुम्हालाही तो पडला असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मलाही सुरुवातीला पडला होता.

आधी एक शब्दाची गंमत. ब्रिटनमध्ये अशा जुन्या प्रकरणांना ‘हिस्टॉरिक’ म्हणायची पद्धत होती. याचं सरळ मराठी केलं तर ‘ऐतिहासिक अत्याचार’ होतं, आणि आपल्याकडे ऐतिहासिक म्हटलं की आग्र्याहून सुटका नाहीतर वर्ल्डकप. तिथले सरकारी वकील आता ‘नॉन-रिसेंट’ असा बेचव शब्द वापरतात. बेचव असला तरी मला तो बरा वाटतो, कारण जिच्यावर ते गुदरलंय तिच्यासाठी तो इतिहास झालेला नसतो.

आता ज्या प्रकरणाभोवती माझा निम्मा प्रबंध फिरतो, त्याकडे येऊ. जिमी सॅव्हिल. आपल्याकडे हे नाव फारसं माहीत नाही, पण १९६० ते १९९० या काळातल्या ब्रिटिश घरांत तो रोजच्या ओळखीचा होता. रेडिओचा डीजे, १ जानेवारी १९६४ ला सुरू झालेल्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’चा पहिला निवेदक, मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या ‘जिम’ल फिक्स इट’ या कार्यक्रमाचा सर्वेसर्वा. दानधर्मासाठी त्याने सुमारे ४ कोटी पौंड जमवले असं सांगितलं जायचं. लीड्स आणि स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयांत तो हौसेने वॉर्डबॉयचं काम करायचा आणि वॉर्डांत त्याला मुक्त प्रवेश असायचा. १९९० मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. ऑक्टोबर २०११ मध्ये ८४ व्या वर्षी वारला, तेव्हा लीड्समध्ये त्याच्या शवपेटीच्या दर्शनाला लोकांनी रांगा लावल्या.

वर्षभराने, ३ ऑक्टोबर २०१२ ला, आयटीव्ही वाहिनीवर एक माहितीपट लागला. त्यात काही बायका कॅमेऱ्यासमोर बोलल्या. मग बांध फुटला. लंडन पोलीस आणि एनएसपीसीसी ही बालहक्क संस्था यांच्या जानेवारी २०१३ च्या अहवालानुसार सॅव्हिलबद्दल सुमारे ४५० जणांनी माहिती दिली. त्यातून २१४ गुन्ह्यांची रीतसर नोंद झाली, तीही २८ वेगवेगळ्या पोलीस दलांच्या हद्दीत. सर्वात जुना प्रसंग १९५५ चा, सर्वात अलीकडचा २००९ चा. बळी पडलेल्यांपैकी ७३ टक्के अठराच्या आतले.

आता विचारा तो प्रश्न. साडेचारशे माणसं इतकी वर्षं गप्प का होती?

याचं उत्तर शोधायला लागल्यावर माझी पहिली धारणा कोसळली, ती अशी की त्या सगळ्या गप्प होत्या. स्टोक मँडव्हिल रुग्णालयाचा चौकशी अहवाल फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. तिथे साठ जणांवर अत्याचार झाल्याचं त्यात नोंदवलंय, आणि पुढचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: त्यातल्या दहा तक्रारी त्या त्या वेळीच केल्या गेल्या होत्या. नऊ तोंडी, एक औपचारिक. एकीचंही पुढे काही झालं नाही. पोलीस दलांच्या कामाची तपासणी करणाऱ्या यंत्रणेने मार्च २०१३ मध्ये अहवाल दिला, त्यात तर लंडन पोलिसांच्या दफ्तरात सॅव्हिलचं नाव १९६४ सालीच आल्याचं दिसतं. १९९८ मध्ये एक निनावी पत्र आलं होतं. २००३ मध्ये एका बाईने तक्रार केली होती. मग २००७ ते २००९ या काळात सरे परगण्याच्या पोलिसांनी चौकशी केली आणि शेवटी त्याचा जबाब घेतला. कुठे? त्याच स्टोक मँडव्हिल रुग्णालयातल्या त्याच्या स्वतःच्या ऑफिसात. (हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून चहा करायला उठले होते.)

खटला का उभा राहिला नाही, याची वेगळी चौकशी अ‍ॅलिसन लेव्हिट या ज्येष्ठ वकिलांनी केली. त्यांचा निष्कर्ष माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा आहे. तक्रार करणाऱ्या बायकांना एकमेकींबद्दल सांगितलंच गेलं नाही. प्रत्येकीला वाटलं, आपण एकटीच. एवढ्या मोठ्या माणसाविरुद्ध कोर्टात एकटीने उभं राहायची तयारी कुणाचीच नव्हती, म्हणून प्रत्येकीने पाय मागे घेतला. ‘आणखीही आहेत’ हे कळलं असतं तर किमान तिघींच्या बाबतीत खटला चालवता येण्याची शक्यता होती, असं लेव्हिट म्हणतात.

म्हणजे जिला आपण मौन म्हणतो त्यात निदान तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. कुणी बोललेलीच नसते, भीतीने किंवा काय घडलं याला तेव्हा शब्दच नव्हता म्हणून. मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ च्या पुस्तकात या शब्द नसण्यालाही अन्याय म्हटलंय: स्वतःचा अनुभव सांगायची भाषाच समाजाने हाती दिलेली नसते. कुणी बोललेली असते, पण ऐकणाऱ्याने तिला किंमत दिलेली नसते. आणि कुणाचं बोलणं फायलीत गेलेलं असतं, पण एक फाईल दुसऱ्या फाईलला भेटत नाही. पहिली गोष्ट तिच्याबद्दलची आहे. उरलेल्या दोन आपल्याबद्दलच्या. ‘इतकी वर्षं गप्प का होती’ हा प्रश्न तिन्ही गोष्टी तिच्या एकटीच्या डोक्यावर ठेवतो.

बरं, पोलीस राहू द्या, पत्रकार काय करत होते? कुजबुज तर सगळीकडे होती. लुई थेरू याने २००० सालच्या माहितीपटात या अफवांबद्दल सॅव्हिलला तोंडावर विचारलंय. सॅव्हिलने स्वतःच १९७४ च्या आत्मचरित्रात सुधारगृहातून पळालेल्या एका मुलीचा किस्सा असा रंगवून लिहिलाय की आज वाचताना अंगावर काटा येतो. ते पुस्तक चोरून विकलं जात नव्हतं, दुकानात होतं.

एक कारण कायद्याचं. इंग्लंडमध्ये जिवंत माणसाने अब्रुनुकसानीचा दावा केला तर छापलेलं खरं आहे हे वर्तमानपत्राला सिद्ध करावं लागतं. साक्षीदार कोण, तर एकेकाळी सुधारगृहात राहिलेल्या मुली. वादी पक्षाचा वकील त्यांचं काय करणार हे संपादकांना पक्कं माहीत. मेलेल्या माणसाची मात्र इंग्लिश कायद्यात बदनामी होत नाही. म्हणून बातमी बाहेर येण्यासाठी आधी सॅव्हिलला मरावं लागलं. (आपल्याकडे इथे फरक आहे. भारतीय फौजदारी कायद्यात मृताविषयी लिहिलेलंही, नातेवाइकांच्या भावना दुखवायच्या हेतूने असेल तर, बदनामी ठरू शकतं.)

पण कायदा हे एकच कारण असतं तर २०११ च्या डिसेंबरातच बातमी यायला हवी होती. बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’च्या दोन पत्रकारांकडे तेव्हा एका महिलेची कॅमेऱ्यावरची मुलाखत तयार होती. संपादकाने ती बातमी थांबवली, आणि त्याच नाताळात बीबीसीने सॅव्हिलला आदरांजली वाहणारे कार्यक्रम दाखवले. पुढे नेमलेल्या पोलार्ड समितीने हा निर्णय सदोष ठरवला, पण आदरांजली वाचवण्यासाठी वरून दबाव आल्याचं तिला आढळलं नाही. मला यातलं दुसरं वाक्य जास्त अस्वस्थ करतं. दबाव असता तर निदान कुणाकडे बोट दाखवता आलं असतं.

माहितीपटानंतर काय झालं, यावर ख्रिस ग्रीअर आणि यूजीन मॅकलॉफलिन या दोन गुन्हेशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये एक निबंध लिहिलाय. त्यांचं निरीक्षण असं की बघता बघता सॅव्हिलच्या बातमीची बीबीसीची बातमी झाली. कुणाला काय माहीत होतं, कुणी राजीनामा द्यायचा, महासंचालक संसदीय समितीपुढे कसे अडखळले. यात माझी एक भर: हाच तो काळ, जेव्हा फोन हॅकिंगमुळे स्वतः वर्तमानपत्रं लेव्हसन आयोगासमोर आरोपी असल्यासारखी उभी होती. बीबीसीला झोडपायची संधी कोण सोडणार? जुन्या बातम्या वाचताना मी शेजारी एक रकाना आखते: या परिच्छेदात कोण बोलतंय. पहिल्या आठवड्यात बायका बोलतात. पुढे व्यवस्थापक, मंत्री, स्तंभलेखक बोलू लागतात आणि बायका हळूहळू एक आकडा होऊन जातात.

इथवर तुम्ही माझ्यासोबत असाल तर आता अवघड भाग.

२ नोव्हेंबर २०१२, माहितीपटाला महिनाही उलटला नव्हता. आधीची बातमी दाबल्याचा डाग पुसायच्या घाईत असलेल्या त्याच न्यूजनाइटने वेल्समधल्या बालगृहांतल्या अत्याचारांवर कार्यक्रम केला आणि एका बड्या राजकारण्याकडे निर्देश केला. नाव घेतलं नाही. नाव घ्यायचं काम ट्विटरने तासाभरात केलं: लॉर्ड मॅकअल्पाइन. तो माणूस निर्दोष होता. साक्षीदाराची ओळखण्यात चूक झाली होती, फोटो पाहिल्यावर त्याने जाहीर माफी मागितली. कार्यक्रम करणाऱ्यांनी तो फोटो त्याला आधी दाखवलाच नव्हता. महासंचालक ५४ दिवसांत पायउतार झाले, बीबीसीने १,८५,००० पौंड भरपाई दिली.

त्यानंतर ‘निक’. २०१४ मध्ये या टोपणनावाच्या माणसाने माजी मंत्री, लष्करप्रमुख, गुप्तहेर खात्याचे प्रमुख अशा लोकांवर बलात्कार आणि खुनाचे आरोप केले. चौकशी नीट सुरूही झाली नव्हती तेव्हा एका पोलीस अधिकाऱ्याने पत्रकारांसमोर हे आरोप ‘विश्वासार्ह आणि खरे’ असल्याचं सांगून टाकलं. सगळं बनावट निघालं. कार्ल बीच हे त्याचं खरं नाव, २०१९ मध्ये त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली. ज्यांच्या घरांची झडती झाली त्यात नव्वदी ओलांडलेले लॉर्ड ब्रॅमॉल होते, त्यांची पत्नी तेव्हा अखेरच्या आजारात होती. हे मी मुद्दाम सांगतेय. माझ्या विषयात काम करणारे काहीजण ही प्रकरणं तळटीपेत ढकलतात. मला ते पटत नाही.

पण या दोन गोष्टींचं लोकांच्या डोक्यात पुढे काय होतं, हे समजायला जेनी किट्झिंगर यांची ‘साचा’ ही कल्पना कामाला येते. एखादं गाजलेलं प्रकरण साचा बनतं आणि पुढच्या बातम्या त्यात ओतल्या जातात. १९८७ मध्ये क्लीव्हलंड परगण्यात डॉक्टरांनी शंभराहून अधिक मुलांवर अत्याचार झाल्याचं निदान केलं, मुलं घरातून हलवली गेली, गदारोळ झाला. लोकांच्या स्मरणात उरलं ते एवढंच: अतिउत्साही डॉक्टर, निरपराध आईबाप. प्रत्यक्षातलं चित्र बरंच गुंतागुंतीचं होतं. पण १९९१ मध्ये ऑर्कनी बेटांवर तसंच काही घडलं, तेव्हा पत्रकारांच्या हाती क्लीव्हलंडचा साचा तयार होता. आज दोन साचे आहेत. सॅव्हिलचा साचा म्हणतो, आरोप झालाय म्हणजे खरंच असणार. बीचचा साचा म्हणतो, जुना आरोप म्हणजे काहीतरी काळंबेरं. दोन्ही साच्यांत समोरच्या बाईने नेमकं काय सांगितलं ते ऐकायची गरज उरत नाही. जुळवलं की झालं.

‘विश्वास ठेवायचा की नाही’ हा प्रश्नच त्यामुळे चुकीच्या माणसाला विचारला जातो. तक्रार गांभीर्याने घेणं म्हणजे ती तपासणं: तारीख, जागा, त्या वेळी कुणाला सांगितलं होतं का, डायरी, पत्र. स्टोक मँडव्हिलमध्ये हेच झालं नाही आणि बीचच्या बाबतीतही हेच झालं नाही.

आपल्याकडचं एकच उदाहरण देते, कारण त्याचा धागा मुंबईतल्या एका हॉटेलात आहे. पत्रकार प्रिया रमाणी यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये एम. जे. अकबर यांचं नाव घेतलं, प्रसंग डिसेंबर १९९३ चा, नोकरीच्या मुलाखतीचा. अकबर यांनी आरोप नाकारले, मंत्रिपद सोडलं आणि फौजदारी बदनामीचा खटला भरला. इथली कायद्याची रचना बघा. १९९३ मध्ये विनयभंगाला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती, आणि अशा गुन्ह्यांची दखल घ्यायची मुदत साधारण तीन वर्षं. न्यायालय उशीर माफ करू शकतं, पण तो अपवाद. कामाच्या ठिकाणच्या छळाबाबतची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं १९९७ ची. म्हणजे तेव्हा कार्यालयात तक्रार करायला समिती नव्हती, नंतर पोलिसांत जायची मुदत उलटलेली, आणि बोललं तर आरोपी तीच. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या न्यायालयाने रमाणी यांना निर्दोष सोडताना म्हटलं की स्त्रीला आपलं गाऱ्हाणं तिच्या पसंतीच्या व्यासपीठावर, कितीही दशकांनंतर मांडायचा हक्क आहे. याविरुद्धचं अपील २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने दाखल करून घेतलंय.

निकाल लागला त्या दिवशीच्या बातम्यांखालच्या प्रतिक्रिया मी साठवून ठेवल्यात. त्यांचं वर्गीकरण अजून चालू आहे. पहिला प्रश्न कुठला आहे ते तुम्ही ओळखलंच असेल.

पुढच्या वेळी क्लीव्हलंडवर सविस्तर लिहीन. कुणाकडे १९८७-८८ च्या मराठी वृत्तपत्रांत त्याची दोन ओळींची जरी बातमी आलेली असेल, तर कात्रणाचा फोटो पाठवा. मला अजून एकही सापडलेली नाही.