सुईआधीचं बोट

कार्तिकात काशीच्या पंचगंगा घाटावर आकाशदिवे चढतात. उंच बांबूला टांगलेली करंडी, तिच्यात दिवा, आणि खाली दोरी ओढणारा माणूस मान मागे टाकून वर बघत उभा. येणारेजाणारे अहिल्याबाईंच्या दगडी दीपस्तंभापाशी थबकतात. आम्हा फिजिओथेरपिस्टांची नजर दोरी ओढणाऱ्यांच्या खांद्यांवर जाते.

ब्रह्माघाटाकडच्या एका मराठी घरातले काका असाच खांदा घेऊन आले. तक्रार मात्र कानामागे ठणकण्याची. मी मानेपासून खांद्यापर्यंतचा ट्रॅपेझियस स्नायू चाचपत गेलो. एक ताठ पट्टा लागला, त्यातली गाठ दाबली तशी काका ओरडले, "हेच ते! कानामागे गेली बघ कळ." बोटाने गाठ शोधणं, आमच्या कामातलं खरं कसब ते हेच. इथे घाई केली की पुढची सुई वाया.

सुई बघून काकांनी विचारलं, "औषध कुठलं भरणार?"

"औषध नाही, काका. नुसती सुई."

"मग टोचायचं कशाला?"

प्रश्न रास्त होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पाठीवर उपचार करणाऱ्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल अशा गाठींत बधिर करणारं औषध टोचत. चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी 1979 मध्ये दाखवलं की नेमक्या जागी गेलेली कोरडी सुईही कळ शमवते.

"म्हणजे ते चिनी ॲक्युपंक्चरच की!"

सुई तशीच, बारीक आणि भरीव. पण ॲक्युपंक्चरमध्ये परंपरेने ठरलेले बिंदू धरतात, आम्ही बोटाला सापडलेली गाठ. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर 1938 मध्ये चीनला गेलेल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनीच पुढे ॲक्युपंक्चरची विद्या तिथे शिकून कोलकात्यात रुजवली, हे सांगितल्यावर काका खुलले. कोटणीस त्यांना व्ही. शांतारामांच्या सिनेमामुळे ठाऊक होते.

गप्पा चालू असल्या तरी माझं लक्ष फुफ्फुसावर. त्याचं टोक या स्नायूच्या खालीच येतं. सुई खोल गेली तर छातीत हवा शिरू शकते. म्हणून स्नायू चिमटीत धरून वर उचलायचा आणि सुई त्या चिमटीतच ठेवायची. हे ज्याला शिकवलेलं नाही, त्याच्या हाती खांदा देऊ नये, असं मी प्रत्येकाला बजावतो. गाठीला टोक लागलं, स्नायू क्षणभर उडाला, काकांनी श्वास सोडला.

"उद्या ठणकेल, शेक घ्या," मी सांगितलं. सुईने मिळणारा आराम बहुधा थोड्या काळाचा असतो. तेवढ्यात खांद्याचे व्यायाम सुरू करायचे, आणि दोरी काही दिवस पुतण्याकडे द्यायची. पुतण्याबद्दल काकांनी बरीच घासाघीस केली.