नाव घातलेल्या वस्तू

मेरिलिन मन्रोच्या हातची एक पाककृती आजही वाचायला मिळते. सणाच्या जेवणात पक्ष्याच्या पोटात भरायच्या सारणाची. सुरुवातीलाच बजावलं आहे की लसूण नको. मग पाव थंड पाण्यात भिजवायचा, पिळायचा, कुस्करायचा. पुढे मनुका, उकडलेली अंडी, किसलेलं चीज. हे सगळं तिने एका इन्शुरन्स कंपनीच्या छापील लेटरहेडवर लिहून काढलं आहे. हाताला लागेल तो कागद ओढून घेणारी, स्वयंपाक नीट जमावा म्हणून धडपडणारी बाई त्यात दिसते. तिच्या कागदपत्रांचं ‘फ्रॅगमेंट्स’ हे पुस्तक 2010 मध्ये आलं, त्यात हा कागद आहे. हिऱ्यामोत्यांपेक्षा मला तो मोलाचा वाटतो.

पण तो तिचाच कशावरून? अक्षर जुळतं ही एक गोष्ट. त्याहून भक्कम आधार म्हणजे तो कागद कुणाच्या घरातून आला, हे माहीत आहे. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती. लग्नात मिळालेल्या पितळी डब्यावर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख टोचून कोरलेली असे. पन्नास वर्षांनी नातसुनेच्या हाती तो डबा आला, तरी तो कुणाचा हे विचारावं लागत नाही. नटनट्यांच्या वस्तूंवर असं नाव नसतं. ते कागदांवरून आणि माणसांवरून शोधून काढावं लागतं. वस्तू कुणाकुणाच्या हातून आली, या इतिहासाला लिलावाच्या धंद्यात प्रॉव्हनन्स म्हणतात.

मेरिलिन ऑगस्ट 1962 मध्ये गेली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. मृत्युपत्रात तिने आपलं खासगी सामान अभिनयाचे गुरू ली स्ट्रासबर्ग यांच्या नावे केलं होतं. त्यांनी ते आपल्या मित्रमंडळींत आणि जिवलगांत वाटावं, अशी इच्छाही लिहून ठेवली होती. बहुतेक सामान त्यांच्याकडेच राहिलं. 1982 मध्ये ते वारले आणि सगळं त्यांच्या पत्नी अ‍ॅना यांच्याकडे गेलं. मेरिलिन आणि अ‍ॅना यांची ओळखही नव्हती. ऑक्टोबर 1999 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजने त्या सामानाचा लिलाव केला आणि दोन दिवसांत 1 कोटी 34 लाख डॉलर जमले. मैत्रिणींना मिळायच्या वस्तू अनोळखी लोकांत गेल्या, याचं मला वाईट वाटतं. तरीही संग्राहकांचं भलं झालं ते याच लिलावामुळे. वस्तू मेरिलिनच्या मरणापासून एकाच घरात होती, याला मृत्युपत्राचा आधार मिळाला आणि छापील कॅटलॉगमध्ये तिची नोंद झाली. आज एखादा स्वेटर विकायला आला, की जाणकार पहिल्यांदा तो कॅटलॉग उघडतात.

त्या लिलावात तिचा नवरा, बेसबॉलपटू जो डिमॅजिओ याने तिला दिलेली प्लॅटिनमची अंगठी होती. हिरे पस्तीस, त्यांतला एक पडलेला. ती तशीच विकली गेली, 7 लाख 72 हजार 500 डॉलरना. कुणी हौसेने नवा हिरा बसवला असता तर अंगठी सुंदर दिसली असती, पण तिचा खरेपणा डागाळला असता. जुन्या वस्तूवरची झीज, रफू, वाढवलेली शिवण या तिच्या जन्मखुणा असतात. त्या पुसायच्या नसतात.

खोट्या वस्तू पकडल्या जातात त्याही अशाच बारीकसारीक खुणांवरून. 2005 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रदर्शनात तिचे म्हणून केस कुरळे करायचे रोलर मांडले होते. ते मॉडेल तिच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी बाजारात आलेलं होतं. हे ओळखलं ते तिच्या चाहत्यांनी, कारण असल्या किरकोळ वस्तूंचाही त्यांनी जीव लावून अभ्यास केला होता. सहीचंही तसंच. स्टुडिओतून चाहत्यांना जाणाऱ्या फोटोंवर पुष्कळदा सेक्रेटरीच सही ठोकत. म्हणून ताडून बघायला बँकेतून वटून आलेला चेक बरा. त्यावर तारीख असते, रक्कम असते, बँकेचा शिक्का असतो.

कपड्यांच्या बाबतीत आधी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. ‘द सेव्हन इयर इच’ या चित्रपटातला तो उडणारा पांढरा झगा मेरिलिनच्या मालकीचा कधीच नव्हता, तो स्टुडिओचा. डेबी रेनॉल्ड्स या अभिनेत्रीने असे शेकडो पोशाख विकत घेऊन वर्षानुवर्षं जपले. त्यांचं संग्रहालय व्हावं म्हणून ती झटली, पण ते झालं नाही. अखेर 2011 मध्ये तिला लिलाव करावा लागला आणि तो झगा कमिशन धरून 56 लाख डॉलरना गेला. ज्या बाईने हे सगळं वाचवलं, तिच्या हातून ते असं सुटावं, याची रुखरुख मला आजही आहे.

याउलट 19 मे 1962 रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वाढदिवसाच्या सोहळ्यात गाताना घातलेला झगा तिने स्वतः 1,440 डॉलर मोजून शिवून घेतला होता. झिरझिरीत कापड, त्यावर हाताने टाकलेले सुमारे अडीच हजार खडे, आणि इतका घट्ट की अंगावरच शिवावा लागला. 1999 मध्ये त्याला साडेबारा लाखांहून जास्त आणि 2016 मध्ये 48 लाख डॉलर मिळाले. मे 2022 मध्ये टीव्हीतारका किम कार्डेशियन तो घालून न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशन सोहळ्याला गेली. झगा खराब झाला की नाही यावर वाद झाला. मालकांनी नुकसान नाकारलं. माझ्या मते तो वाद व्हायच्या आधीच चूक झाली होती. एका देहावर शिवलेलं, साठ वर्षांचं नाजूक कापड दुसऱ्या देहावर चढवायचंच नसतं.

झगा, स्वेटर, कोट यांची ओळख पटवायला फोटो लागतात. स्टुडिओच्या फोटोंत ती सजलेली असते. रोजच्या कोटातली, बिनमेकअपची मेरिलिन सापडते ती चाहत्यांच्या कॅमेऱ्यात. न्यूयॉर्कमध्ये सहा तरुण चाहत्यांचा एक गट हॉटेलबाहेर तासन्‌तास तिची वाट पाहायचा. ती त्यांना ओळखायची, थांबायची. त्या पोरांनी प्रेमापोटी काढलेले फोटो आज पुराव्याला लागतात: काजं किती, बटणं कुठली, चौकटीच्या कापडाची रेघ शिवणीवर नेमकी कुठे तुटते. दोन कोट एकाच ठाणातून बेतले तरी ती रेघ सहसा एकाच जागी येत नाही.

हे सगळं वाचताना मला भानू अथैया आठवतात. कोल्हापूरच्या या बाईंना ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये ऑस्कर मिळालं, भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. आपल्यामागे त्याची निगा कोण राखणार, ही चिंता त्यांना होती. वाटणी त्यांनी कुणावर सोपवली नाही. 2012 मध्ये, स्वतः हयात असताना, त्यांनी ती बाहुली अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवली. ज्यांनी दिली त्यांच्याच हाती ती पुन्हा गेली, आणि मधल्या जवळजवळ तीस वर्षांत ती कुणाच्या घरी होती हे कुणाला शोधावं लागणार नाही.