पाणी खात्यातली वीस वर्षं आणि मंगळवारच्या टाळ्या

तुम्ही डब्लिनमध्ये राहत असाल (आयर्लंडचं नव्हे, कॅलिफोर्नियातलं, ५८० आणि ६८० हे दोन फ्रीवे जिथे भेटतात तिथलं), तर एक गोष्ट कधी लक्षात आली आहे का बघा. तुमच्या पाण्याच्या बिलावर ‘सिटी ऑफ डब्लिन’ असं लिहिलेलं नसतं. आपण सगळेच ऑटोपे लावून मोकळे होतो, त्यामुळे बिल उघडून बघायची वेळ येत नाही. पण उघडलंत तर नाव दिसेल ‘डब्लिन सॅन रामोन सर्व्हिसेस डिस्ट्रिक्ट’. हे शहराचं खातं नाही. ती स्वतंत्र संस्था आहे, तिचे पाच संचालक लोकांनी निवडून दिलेले असतात, आणि वयाने ती शहरापेक्षा मोठी आहे. शहर अधिकृतपणे स्थापन झालं १९८२ मध्ये, ही संस्था सुरू झाली १९५३ मध्ये. अशा ‘स्पेशल डिस्ट्रिक्ट’ संस्था कॅलिफोर्नियात दोन हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांच्या निवडणुकांत कोण उभं होतं हे आपल्यापैकी फार कमी जणांना आठवतं. मलाही नाही.

या संस्थेच्या संचालकांच्या बैठका साधारण महिन्यातून दोनदा, मंगळवारी संध्याकाळी होतात, आणि कोणीही जाऊन बसू शकतं. अशा संस्थांच्या बैठकीच्या सुरुवातीला बऱ्याचदा एक छोटा कार्यक्रम असतो. नवीन कोण रुजू झालं, कोणाला बढती मिळाली, कोणाची पाच, दहा, वीस, पंचवीस वर्षं झाली. नाव वाचलं जातं, साहेब दोन वाक्यं बोलतात, फोटो, टाळ्या. मग पुढचा विषय: पंप दुरुस्तीचं कंत्राट. मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं की लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने लोकांच्या वेळात हे असलं घरगुती कौतुक का करावं? ते आपापल्या ऑफिसात केक कापून करता येत नाही का?

प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर शोधताना मी कर कायद्यापासून आमच्या चुलतकाकांपर्यंत जाऊन आले.

आधी कामाचं स्वरूप समजून घेऊ. डब्लिनची लोकसंख्या २०१० मध्ये ४६,०३६ होती, २०२० मध्ये ७२,५८९ झाली. या वाढीत आपल्या लोकांचा वाटा किती हे सांगायला नको, शनिवारी सकाळी इंडियन ग्रोसरीच्या रांगेत उभं राहिलं की कळतं. एवढ्या सगळ्यांच्या नळाला पाणी देणं, सॅन रामोनच्या डोहर्टी व्हॅली भागालाही देणं, शिवाय शेजारच्या प्लेझंटनचं सांडपाणीसुद्धा शुद्ध करणं, हे सगळं शे-सव्वाशे माणसं करतात. पाणी ते ‘झोन ७’ नावाच्या घाऊक संस्थेकडून विकत घेतात, आणि त्यातलं बरंचसं उत्तरेतून, डेल्टामार्गे कालव्याने आलेलं असतं. सांडपाणी शुद्ध करून त्यातलं काही बागा आणि मैदानांना दिलं जातं. जांभळ्या रंगाचे पाइप दिसले की ते हे पाणी. २०१४ च्या दुष्काळात इथले रहिवासी हेच पाणी प्लास्टिकच्या टाक्यांत भरून गाडीतून घरी नेत होते, झाडं जगवायला.

यातलं कुठलंही काम तुम्हाला दिसत नाही, आणि दिसू नये हीच या कामाची कसोटी असते. सॉफ्टवेअरमध्ये निदान ‘लाँच’ असतो, त्याचा टी-शर्ट मिळतो. रात्री अडीच वाजता एअर ब्लोअर बंद पडला, ड्यूटीवरच्या माणसाने तो वेळेत चालू केला आणि सकाळी कोणाला काही कळलंच नाही, याचा टी-शर्ट कोण काढणार? मग मोजायचं काय? काही घडलं नाही ते मोजता येत नाही, म्हणून वर्षं मोजतात.

आता पाचाच्या पाढ्याची गंमत. ५, १०, १५, २० हेच टप्पे का? एक कारण अर्थातच हाताला बोटं पाच. पण अमेरिकेत याला कायद्याचं पाठबळ आहे. इथल्या आयकर कायद्यात दीर्घ सेवेबद्दल दिलेली भेट करमुक्त असू शकते, पण अटी आहेत. पहिल्या पाच वर्षांत दिलेली चालत नाही. मागच्या चार वर्षांत तशीच भेट मिळालेली असेल तरी चालत नाही. आणि ती वस्तू असावी लागते. रोख रक्कम चालत नाही, आणि २०१७ च्या सुधारणेने गिफ्ट कार्डही चालणार नाही हे स्पष्ट करून टाकलं. मूल्याची मर्यादा ४०० डॉलर, आणि लेखी, भेदभाव न करणारी योजना असेल तर १,६००. अमेरिकन ऑफिसात वीस वर्षांनी माणसाला टेबलावरचं घड्याळ नाहीतर कोटाला लावायची पिन का मिळते, याचं निदान अर्धं उत्तर इथे आहे. साहेबाची कल्पनाशक्ती कमी पडते असं नाही (तेही असेल), घड्याळ ही ‘वस्तू’ आहे. सार्वजनिक संस्थेवर आणखी एक बंधन असतं: लोकांचा पैसा कोणाला भेट म्हणून वाटायला कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच मनाई आहे. म्हणून खर्च मामुली ठेवायचा, तो लोकहिताचा कसा हे धोरणात लिहून ठेवायचं, आणि जे फुकट आहे ते भरपूर द्यायचं. फुकट काय आहे? नाव उच्चारणं.

पाच वर्षांच्या टप्प्याला इथे अजून एक अर्थ आहे. कॅलिफोर्नियातल्या बहुतेक सार्वजनिक संस्था ज्या ‘कॅलपर्स’ पेन्शन योजनेत असतात, तिथे साधारणपणे पाच वर्षं सेवा झाली की निवृत्तिवेतनाचा हक्क पक्का होतो. त्यामुळे पाच वर्षांची पिन लावलेला माणूस टाळ्या घेताना हसतो ते नुसत्या पिनमुळे असेल असं समजू नका.

बढतीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे, आणि मला ते जास्त आवडतं. सांडपाणी केंद्रात काम करायला राज्याचं प्रमाणपत्र लागतं. आधी शिकाऊ, मग श्रेणी १ ते ५. प्रत्येक श्रेणीला परीक्षा, आणि नुसती परीक्षा नाही, प्रत्यक्ष कामाचा अनुभवही दाखवावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणाला आणि वितरणाला अशाच वेगळ्या पाच-पाच श्रेणी. केंद्र जितकं मोठं आणि अवघड, तितक्या वरच्या श्रेणीचा माणूस तिथे प्रमुख असावा लागतो. म्हणजे ‘ऑपरेटर एक’चा ‘ऑपरेटर दोन’ झाला ही बातमी निव्वळ साहेबाच्या मर्जीची नसते. त्यामागे रात्रपाळी करून अभ्यास केलेला एक माणूस असतो, आणि क्लोरीनची मात्रा काढायची गणितं. या क्षेत्रात पदवी नसलेल्यांना अशी वर चढायची वाट आहे. ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१८ च्या अहवालानुसार अमेरिकेत पाण्याशी संबंधित कामांत साधारण १७ लाख लोक होते, आणि त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांचं औपचारिक शिक्षण हायस्कूलपर्यंतचं किंवा त्याहून कमी होतं. काम करता करता शिकलेली माणसं.

इथे मला आमचे चुलतकाका आठवतात. ते एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. गावात सगळे ‘पाणीवाले काका’ म्हणायचे. खांद्यावर ती टी-आकाराची लांब चावी, सायकल, आणि कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं याचं वेळापत्रक डोक्यात. एकतीस वर्षं. त्या एकतीस वर्षांत माइकवर त्यांचं नाव एकदाच घेतलं गेलं, निवृत्तीच्या दिवशी. शाल, श्रीफळ, फोटो, आणि अध्यक्षांचं भाषण, ज्यात काकांचं काम नेमकं काय होतं ते आलंच नाही. काका घरी आले, शाल काकूंच्या हातात दिली आणि म्हणाले, “नारळ फोड, चटणी कर.”

महाराष्ट्रात बढतीचं काय होतं ते तुमच्या घरातल्या कोणी सरकारी नोकरी केली असेल तर तुम्हाला ऐकून माहीत असेल. वरची पदं मोजकी, खालून येणारे शेकडो. सेवाज्येष्ठता यादी लागते, तिच्यावर हरकती येतात, काही जण कोर्टात जातात. यावर सरकारने १९९० च्या दशकात ‘कालबद्ध पदोन्नती’ काढली: बारा वर्षं एकाच पदावर झाली तर पद नाही तरी वरची वेतनश्रेणी द्या. पुढे तिचंच रूप ‘आश्वासित प्रगती योजना’. मग बारा आणि चोवीस वर्षांनी दोन लाभ, आणि सातव्या वेतन आयोगानंतर दहा, वीस, तीस असे तीन. कल्पना खरोखर शहाणपणाची आहे. पण नीट बघा, यात पगार हलतो, माणूस तिथेच राहतो. कालपर्यंत काका व्हॉल्व्हमन, आदेश निघाल्यावरही व्हॉल्व्हमन. आणि आदेश निघायलाही सेवापुस्तकातल्या नोंदी पूर्ण असाव्या लागतात. काकांचा दुसरा लाभ थकबाकी म्हणून आला, निवृत्तीनंतर.

सगळं चित्र असंच आहे असं नाही. महावितरणमध्ये लाइनमनला ‘जनमित्र’ म्हणतात, आणि १ मे रोजी (आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच दिवशी) उत्कृष्ट काम करणाऱ्या तांत्रिक कर्मचाऱ्यांचा गौरव होतो. कामगार कल्याण मंडळाचा ‘गुणवंत कामगार’ पुरस्कारही आहे. पण हे निवडक लोकांचे पुरस्कार झाले. मंगळवारच्या टाळ्या वेगळ्या, त्या निवडून दिल्या जात नाहीत. वीस वर्षं झाली की नाव येतंच.

आणि हा फरक महत्त्वाचा निघतो. पुरस्कारांवर बरंच संशोधन झालंय आणि त्याचे निष्कर्ष सरळ एका दिशेने जात नाहीत. याना गॅलस यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. जर्मन विकिपीडियावर नव्याने लिहू लागलेल्या काही जणांना एक नुसतं प्रतीकात्मक बक्षीस दिलं, पैसे वगैरे काही नाही. पुढच्या महिन्यात ते टिकून राहण्याचं प्रमाण बक्षीस न मिळालेल्यांपेक्षा साधारण २० टक्क्यांनी जास्त निघालं. याउलट कॅलिफोर्नियातल्याच शाळांमधला एक मोठा प्रयोग: पूर्ण हजेरीबद्दल मुलांना अचानक प्रशस्तिपत्र पाठवलं, तर पुढे हजेरी किंचित घटली! संशोधकांचं म्हणणं असं की मुलांना त्यातून संदेश मिळाला, ‘अरे, आपण इतरांपेक्षा जास्तच येतोय, इतकी अपेक्षा नाहीये वाटतं.’ म्हणजे कौतुक कशाचं करता यावरून समोरचा नियम काय आहे ते ओळखतो. नुसत्या हजेरीचं केलंत तर तो हजेरीच मोजणार.

म्हणून माझं मत असं की वर्षांचा आकडा एकटा वाचून दाखवणं पुरेसं नाही. ‘वीस वर्षं पूर्ण’ याच्या पुढे एक वाक्य हवं: या वीस वर्षांत या माणसाला काय येऊ लागलं. बढती जाहीर करतानाही तेच. अॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या तिघांनी २०१९ मध्ये सेल्समधल्या बढत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यात चांगला विक्रेता मॅनेजर होण्याची शक्यता जास्त, पण मॅनेजर झाल्यावर त्याच्या हाताखालच्यांची कामगिरी तुलनेने घसरते. पीटर प्रिन्सिपल म्हणून जी गंमत आपण ऐकतो ती आकड्यांत दिसली. चांगला ऑपरेटर हा चांगला सुपरवायझर असेलच असं नाही. त्याला ऑपरेटर म्हणूनच वर जाता यावं, ही प्रमाणपत्रांची शिडी मला म्हणूनच पटते.

कौतुक सगळ्यांसमोर का, याचा एक रुक्ष भागही आहे. २०१० मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या बेल या छोट्या, गरीब शहरात सिटी मॅनेजर वर्षाला जवळपास आठ लाख डॉलर पगार घेत होता हे उघड झालं. त्यानंतर राज्याच्या कंट्रोलरने स्थानिक संस्थांचे पगार पदनिहाय जाहीर करायला सुरुवात केली. आज डब्लिनच्या पाणी संस्थेत कुठल्या पदाला किती मिळतं हे तुम्ही घरबसल्या बघू शकता. लोक बघतात आणि चिडतातही: “प्लंबरला एवढे?” पगार सार्वजनिक आहे आणि काम अदृश्य आहे, मग गैरसमज होणारच. बैठकीतल्या त्या पाच मिनिटांत निदान पदाच्या मागचा चेहरा दिसतो. श्रोत्याच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. केक ऑफिसात कापा, पण ओळख बिल भरणाऱ्यांसमोर करून द्या, कारण ही माणसं निघून गेली तर खोळंबा बिल भरणाऱ्यांचाच होतो.

आणि ती निघून जातायत. अमेरिकेतल्या पाणी संस्थांमध्ये निवृत्तीला आलेल्यांची मोठी पिढी हा बरीच वर्षं काळजीचा विषय आहे. नकाशे संगणकावर आले तरी सगळं नकाशात उतरत नाही. काका निवृत्त झाल्यावर वर्षभर त्यांना पालिकेतल्या नव्या पोरांचे फोन येत. मी सुट्टीत गेले होते तेव्हा जेवताना एक आला. पोस्टामागचा व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा? काका घास थांबवून म्हणाले, “साडेसात. पण वरच्या आळीचं आधी बंद कर, नाहीतर शाळेपाशी लाइन फुटेल.” हे कुठल्याच सेवापुस्तकात नव्हतं.

तुम्हाला जायचं असेल तर: नियमित बैठकीची विषयपत्रिका निदान ७२ तास आधी जाहीर करावी लागते, तसा कायदाच आहे, ब्राउन अॅक्ट, तोही १९५३ चाच. जागा डब्लिन बुलेव्हार्डवरचं संस्थेचं कार्यालय. बोलायचं असेल तर नागरिकांच्या मनोगतासाठी वेळ असतो. आणि जमलं तर वेळेवर पोचा. ओळखींचा भाग सुरुवातीलाच उरकतो.