मुहतसिब आणि महालेखापरीक्षक

आपण नित्य वापरतो तो 'हिशेब' हा शब्द अरबीतून आला, हे पुष्कळांस ठाऊक असेल. त्याच धातूपासून 'हिस्बा', म्हणजे बाजाराची देखरेख, हा शब्द झाला. आणि ती करणारा अधिकारी तो मुहतसिब. नावाचे हे नाते पाहून मुहतसिबाला आजच्या लेखापरीक्षकाचा पूर्वज ठरविण्याचा मोह होतो.

बाराव्या शतकात शैझरीने मुहतसिबांसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. वजने लोखंडाची असावीत, कारण दगडी वजनाचे टवके उडतात. तराजूची पारडी वरचेवर पुसावीत, कारण थिजलेला तेलाचा थेंबही मापात फरक पाडतो. दुधात केस बुडवून पाहावा, त्याला दूध चिकटले नाही तर पाणी मिसळले आहे असे समजावे. (ही शेवटची परीक्षा घरी करून पाहण्याचा आग्रह मी धरणार नाही!) मुहतसिब कोणाच्या तक्रारीची वाट पाहत नसे, दोष दिसला की जागच्या जागी बंदोबस्त करी. मात्र अकराव्या शतकातल्या मावर्दीने त्याला एक मर्यादा घातली होती : जे उघड नाही ते हेरून काढण्याचा त्याला अधिकार नाही.

आपल्या महालेखापरीक्षकाचे काम जवळजवळ उलटे आहे. तो झाकलेल्या वह्या उघडतो, पण शिक्षा मात्र कोणालाच करू शकत नाही. त्याचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे जातो आणि लोकलेखा समिती तो तपासते. शिवाय तो वाण्याचे नव्हे, खुद्द सरकारचे माप पाहतो. मुहतसिब हा सुलतानाचाच नोकर. सुलतानाची तिजोरी तो कशी तपासणार?

इतिहासकार मक्रीझी हा १३९९ साली कैरोचा मुहतसिब झाला. थोड्याच महिन्यांत त्याला दूर करून ते पद ऐनी ह्या दुसऱ्या विद्वानास देण्यात आले. पुढे मिसरातील दुष्काळांवर लिहिताना महागाईच्या कारणांत मक्रीझीने पहिले स्थान दिले ते लाच देऊन मिळविलेल्या अधिकारपदांना. पद विकत घेणारा तो पैसा रयतेकडूनच वसूल करणार, हे त्याने जवळून पाहिले होते.

आपल्या राज्यघटनेच्या १४८ व्या अनुच्छेदाने ह्याच भयावर उपाय योजला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच महालेखापरीक्षकाला सहजासहजी काढता येत नाही, आणि निवृत्तीनंतर त्याला कोणतेही सरकारी पद घेता येत नाही. परंतु त्याला निवडावे कसे, ह्याविषयी तो अनुच्छेद मौन पाळतो. नेमणूक राष्ट्रपती करतात, ती सरकारच्या सल्ल्याने. म्हणजे ज्याची वही तपासायची, तपासनीसही तोच सुचवतो.