‘स्लामतान’ आणि ‘शुकुरान’ : जावातील एका भोजनविधीची नावे

इंडोनेशियातील जावा बेटावर शेजाऱ्यांना बोलावून प्रार्थनापूर्वक अन्न वाटण्याचा जो विधी मुसलमान समाजात रूढ आहे, त्यास ‘स्लामतान’ म्हणतात. जन्म, सुंता, विवाह, नव्या घरातील प्रवेश, तसेच मृत्यूनंतरचा तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा व हजारावा दिवस हे त्याचे प्रमुख प्रसंग होत. शेजारचे पुरुष जमले म्हणजे यजमान आदरार्थी जावी भाषेत भोजनाचा हेतू निवेदन करतो. नंतर ‘मोदीन’ (मूळ शब्द ‘मुअज्जिन’) अरबी प्रार्थना म्हणतो व सर्व ‘आमीन’ म्हणतात. पाहुणे थोडेसे खाऊन उरलेले अन्न घरी नेतात.

क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विधीस जावी धर्मजीवनाचे केंद्र मानले, परंतु त्याचा विशेष संबंध इस्लामपूर्व श्रद्धा जपणाऱ्या ग्रामीण परंपरेशी जोडला. मार्क वुडवर्ड यांनी १९८८ मध्ये यास हरकत घेऊन विधीची मुळे इस्लामी वाङ्मयातच दाखविली.

या वादात शब्दांची साक्ष उपेक्षणीय नाही. ‘स्लामत’ म्हणजे अरबी ‘सलामा’, आपल्याकडील ‘सलामत’. घरी न्यावयाच्या अन्नास ‘बर्कत’ म्हणतात. ती आपली ‘बरकत’च होय. विधीचे दुसरे नाव ‘कन्दुरी’. फारसीत ‘कंदूरी’ म्हणजे जेवणासाठी अंथरावयाचे वस्त्र. मराठीतील पिराची ‘कंदुरी’ व तमिळनाडूतील नागोरच्या दर्ग्याचा कंदुरी उत्सव यांत तोच शब्द आहे. अर्थात शब्द बाहेरचा म्हणून आचारही बाहेरचा, असे सिद्ध होत नाही. जुन्या आचारास नवे नाव मिळू शकते. परंतु विधीची मुख्य नावे एकाच परंपरेतून आलेली असता, करणारे त्यास इस्लामी समजत होते, एवढे तरी मान्य करावे लागते.

अलीकडे, विशेषतः शहरांत, ‘शुकुरान’ हे नाव अधिक ऐकू येते. त्याचे मूळ अरबी ‘शुक्र’, म्हणजे कृतज्ञता. दोन्ही शब्दांना ‘-आन’ हा एकच प्रत्यय लागला असला, तरी ते समानार्थी नव्हेत. ‘स्लामत’ म्हणजे काय, या प्रश्नास गीर्ट्झ यांना मिळालेले उत्तर ‘काही घडत नाही’ असे होते. म्हणजे अरिष्ट टळावे ही भविष्याविषयीची अपेक्षा त्यात आहे. ‘शुकुरान’ मात्र मिळालेल्या गोष्टीबद्दल ईश्वराचे आभार मानते: पदवी, नोकरी, नवे कार्यालय. १९१२ साली स्थापन झालेल्या मुहम्मदिया या सुधारणावादी संस्थेच्या परंपरेतून स्लामतानवर टीका होत आली आहे; १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नहदतुल उलमाने अशा आचारांना आश्रय दिला. आत्म्यांना नैवेद्य दाखविण्याचा आक्षेप ‘शुकुरान’ या नावास सहसा चिकटत नाही, हे त्याच्या प्रसारास सोयीचे ठरले असावे.

शेजारणींनी मिळून रांधलेल्या अन्नाऐवजी आता पुष्कळदा विकत आणलेले डबे वाटले जातात, आणि निमंत्रितांत शेजाऱ्यांबरोबर सहकारीही असतात. तरीही घरी अन्न नेण्याची चाल टिकून आहे. जे घरी जाते ते आलेल्या माणसापुरते राहत नाही, त्याच्या घरातील स्त्रिया व मुलेही त्यात वाटेकरी होतात. नाव बदलले, हेतूची दिशा बदलली. ‘बर्कत’ मात्र बदलली नाही. विधीचे सामुदायिकत्व ज्यात आहे, तो भाग हाच होय.