शिवथरघळ : फिल्मपासून प्रकाशनापर्यंत

हौशी छायाचित्रकारांचे काम लोकांपुढे आणण्याची मुंबई इलाख्यातील परंपरा जुनी असून, १८५४ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीच्या आश्रयाने जॉन्सन आणि हेंडरसन यांनी १८५६ पासून हौशींच्या छायाचित्रांचे मासिक संग्रह काढले; डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही या सोसायटीतील छायाचित्रकार होते. आज तशी वाट विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रभांडारात उपलब्ध आहे.

तिथे देण्याजोगे चित्र कसे घडते, हे शिवथरघळीच्या उदाहरणाने पाहू. महाड तालुक्यातील या घळीत पावसाळ्यात बाहेरचा धबधबा लख्ख, तर आतला कातळ काळोखा असतो. अशा वेळी अधिक प्रकाश सोसणारी निगेटिव्ह फिल्म वापरून सावलीच्या भागाप्रमाणे एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, ठरवणे श्रेयस्कर ठरते. धुतलेल्या निगेटिव्हची २४ × ३६ मिलिमीटरची चौकट २४०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला तितक्या बिंदूंनी, स्कॅन केल्यास सुमारे ७७ लाख पिक्सेलचे चित्र मिळते, आणि कॉमन्सवरील ‘दर्जेदार चित्र’ या मानांकनासाठी किमान २० लाख पुरतात.

चित्र तिथे देताना क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे ठरावीक अटींवर पुनर्वापराची मुभा देणारा परवाना, स्वीकारला तरी स्वामित्व छायाचित्रकाराकडेच राहते आणि त्याच्या नेहमीच्या ‘बाय-एसए’ प्रकारात श्रेयनिर्देश बंधनकारक असतो. मात्र स्थळ, महिना, फिल्म आणि दिशा सांगणारे मराठी वर्णन नसेल, तर उत्तम चित्रही शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही, म्हणून या चार तपशिलांना लेन्सइतकेच महत्त्व द्यायला हवे.